न दिसणारी उघडझाप

चित्रपट आणि डोळ्यांचे दुखणे यांचा संबंध आपल्या नाशिक जिल्ह्यात शंभर वर्षांहून जुना आहे. त्र्यंबकला जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले, ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. फाळक्यांनी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळे मिळवली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडून ते चित्रे पाहत. दिवसाचे चार-पाच तास चित्रपट पाहण्यात, उरलेले त्याचा विचार करण्यात, आणि झोप जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, ती त्यांनी मानली नाही, आणि एक वेळ अशी आली की त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी मार्गावर आणली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके विलायतेच्या बोटीत बसले ते त्यानंतर.

त्यांच्या डोळ्यांना नेमके काय झाले होते याचे निदान आज इतक्या लांबून करण्यात अर्थ नाही. मोतीबिंदू झाला असे लिहिलेले आढळते. पण मोतीबिंदू काही चित्रपट पाहून होत नाही आणि चष्म्याने जातही नाही. जागरण, ताण, मंद प्रकाश यांचा वाटा किती आणि पडद्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. मला त्या प्रसंगातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. फाळके जे पाहत होते ते आजच्या अर्थाने ‘चित्र’ नव्हतेच. हाताने फिरवलेल्या यंत्रातून सेकंदाला पंधरा-सोळा स्थिरचित्रे, आणि दोन चित्रांच्या मध्ये दर वेळी अंधार, असा तो प्रकार होता. सुरुवातीच्या मूकपटांना इंग्रजीत ‘फ्लिक्स’ म्हणत ते याच लुकलुकण्यावरून.

या लुकलुकीवर त्या काळच्या यंत्रकारांनी काढलेला तोडगा मोठा मजेशीर आहे. चित्रपट्टी पुढे सरकत असताना प्रकाश झाकण्यासाठी प्रक्षेपकात एक फिरती झडप असते. तिला एकच पाते असेल तर सेकंदाला सोळा वेळा अंधार होतो आणि डोळ्यांना तो असह्य होतो. मग त्यांनी झडपेला तीन पाती लावली. म्हणजे एकच स्थिरचित्र पडद्यावर असताना उजेड मुद्दाम आणखी दोनदा झाकला. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. अंधार वाढला आणि लुकलुक मात्र दिसेनाशी झाली! पुढे बोलपट आला, चित्रांचा वेग सेकंदाला चोवीस ठरला, आणि दोन पात्यांनी पुन्हा तोच अठ्ठेचाळीसचा आकडा साधला. आपण तंबूतल्या सिनेमात बसून जे काही पाहिले ते सारे या हिशेबावर चालले होते. उजेड अधिक वेळा तोडला की तो अखंड वाटतो, हे एक वाक्य ध्यानात ठेवावे. आजच्या मोबाइलच्या पडद्याची सारी कथा याच वाक्याची आहे.

डोळ्याची ही मर्यादा एकोणिसाव्या शतकातच मोजली गेली होती. इंग्लंडमध्ये टॅलबट आणि बेल्जियममध्ये प्लाटो या दोघांनी १८३० नंतरच्या दशकात दाखवून दिले की उघडझाप पुरेशी जलद असेल, तर डोळ्याला तिची केवळ सरासरी दिसते. निम्मा वेळ पेटलेला आणि निम्मा वेळ विझलेला दिवा निम्म्या तेजाचा अखंड दिवा वाटतो. ‘पुरेशी जलद’ म्हणजे किती, हे प्रकाशाच्या तेजावर अवलंबून असते. अंधाऱ्या सभागृहात अठ्ठेचाळीस चालून जातात, भर उजेडात साठ-सत्तरही कमी पडतात. कडेच्या नजरेला लुकलुक अधिक जाणवते, हेही आपण अनुभवतो. जुन्या ट्यूबकडे सरळ पाहिले तर ती स्थिर असते आणि मान वळवली की फडफडते.

ट्यूबचा विषय निघालाच आहे, तर सिन्नरकरांना तो वेगळा सांगायला नको. मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत आणि माळेगावच्या एमआयडीसीत आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची उमेद ट्यूबच्या उजेडात गेली. मी स्वतः तिथे काही वर्षे विजेच्या देखभालीचे काम केले आहे. या विषयाची गोडी मला तिथे लागली, पुस्तकांत नंतर. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे साध्या चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते आणि उजळते. लेथवर तीन जबड्यांचा चक मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात तो बरोबर एक तृतीयांश फेरी पुरी करतो. म्हणजे प्रत्येक उजळणीला एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा. पाहणाऱ्याला चक थांबलेला दिसतो. हजार फेऱ्यांवर तर सहा जबड्यांचा चक स्थिर उभा असल्याचा भास होतो. थांबलेला समजून हात घातला की काय होते, ते सांगायची गरज नाही. म्हणून जुने फोरमन शेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर घ्यायला लावत, आणि प्रत्येक लेथवर एक साधा पिवळा बल्ब असावा असा आग्रह धरत. बल्बची तार सेकंदाच्या शंभराव्या भागात थंड होत नाही, त्यामुळे तिचा उजेड फारसा तुटत नाही.

ही झाली अपघाताची बाजू. दुसरी बाजू डोकेदुखीची, आणि ती सिद्ध व्हायला बराच काळ गेला. डोळ्यांना शंभराची उघडझाप दिसत नाही, मग तिचा त्रास कसा होईल, असा साधा युक्तिवाद केला जाई. १९८९ साली अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका कार्यालयात याची परीक्षा घेतली. काही काळ जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबा, काही काळ सुमारे बत्तीस हजार हर्ट्झवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबा. कोणत्या वेळी कोणत्या, हे कर्मचाऱ्यांना माहीत नव्हते. अखंड उजेडाच्या काळात डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाच्या तक्रारी सरासरीने निम्म्याहून खाली आल्या. या सरासरीच्या पोटात एक गोष्ट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. सगळ्यांचे डोके दुखत नव्हते. थोड्यांचेच दुखत होते, पण त्यांचे वारंवार दुखत होते, आणि सुधारणा झाली ती मुख्यतः त्यांच्यात. डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उमटणारे विद्युत संकेत मोजणाऱ्या संशोधकांनीही दाखवले आहे की माणसाला जी लुकलुक दिसत नाही, तिचा ताल दृष्टिपटल शंभर हर्ट्झच्या पुढेही धरते. न दिसणे आणि न पोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता मोबाइलकडे येऊ.

स्वस्त फोनमध्ये एलसीडी पडदा असतो. त्यात मागे दिव्यांची पट्टी आणि पुढे उजेड कमी-जास्त सोडणारी काचेची चाळण असते. महाग फोनमध्ये, आणि आता मध्यम किमतीच्याही, ओएलईडी पडदा असतो. त्यात मागे दिवा नसतोच, प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो. काळा रंग खराखुरा काळा दिसतो तो त्यामुळे. प्रश्न येतो तेज कमी करताना. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक बिंदूला वीज कमी द्यायची. पण अगदी कमी विजेवर हे बिंदू एकसारखे वागत नाहीत. एखादा हिरवट होतो, एखादा जरा अधिक मंद होतो, आणि राखाडी पार्श्वभूमीवर धुरकट डाग दिसू लागतात. म्हणून बनवणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. वीज पुरेशी द्यायची, पण थोडा वेळ, आणि उरलेला वेळ बिंदू विझवून ठेवायचा. टॅलबट-प्लाटोची सरासरी पुढचे काम करते. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. आपण त्याला उघडझाप म्हणू.

ही उघडझाप अनेक वर्षे बहुतेक नामांकित फोनमध्ये सेकंदाला २४० वेळा होत असे. २०१७ चा आयफोन टेन घ्या किंवा सॅमसंगचे वरच्या किमतीचे गॅलेक्सी फोन घ्या, मोजणाऱ्यांना याच्या आसपासचा आकडा मिळाला. २४० म्हणजे एका आवर्तनाला सुमारे ४.२ मिलिसेकंद. तेज दहा टक्क्यांच्या आसपास आणले तर त्यातला जेमतेम अर्धा मिलिसेकंद उजेड, बाकी अंधार. सारा पडदा एकाच क्षणी विझतो असे नाही. काळे पट्टे वरून खाली एकामागोमाग धावत असतात. ट्यूब मंदावते तेव्हा तिच्या आतला लेप थोडा तरी उजेड धरून ठेवतो. ओएलईडीचा बिंदू विझतो तो पुरता विझतो. थोडक्यात, आपण जो पडदा मंद केलेला समजतो तो मंद नसतो. तो बराच वेळ बंद असतो.

यातून निघणारी विसंगती नीट पाहण्यासारखी आहे. पूर्ण तेजावर हा त्रास सर्वांत कमी असतो. तो वाढतो आपण डोळ्यांची काळजी म्हणून तेज खाली ओढतो तेव्हा, आणि तेही अंधाऱ्या खोलीत, जिथे डोळ्यांसमोर त्या पडद्याखेरीज दुसरा उजेड नाही. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की मळ्यात बसून फोन पाहणारा शेतकरी, पहिल्या पाळीवरून येऊन अंथरुणात बातम्या चाळणारा कामगार, बाळाला झोपवताना पडदा मंद करून ठेवणारी आई, ही सारी मंडळी नेमकी त्या टोकाला असतात.

पण दिसत नसेल तर डोळ्याला कळते कसे? एक उत्तर डोळ्याच्या हालचालीत आहे. वाचताना नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही. ती उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. एका उडीला साधारण तीस मिलिसेकंद लागतात. या तीस मिलिसेकंदांत २४० च्या पडद्याची सात उघडझाप होतात, आणि सरकत्या दृष्टिपटलावर एकाच अक्षराचे सात तुटक ठसे उमटू शकतात. रात्री महामार्गावर पुढच्या गाडीच्या एलईडी दिव्यावरून झटकन नजर फिरवली की तांबड्या ठिपक्यांची माळ दिसते, तो हाच प्रकार. अखंड उजेडात ठिपक्यांऐवजी रेघ दिसली असती. रॉबर्ट्स आणि विल्किन्स यांनी २०१३ मध्ये दाखवले की नजरेच्या उडीत माणसाला हजार हर्ट्झच्या वरची लुकलुकही ओळखता येते. त्याआधी, १९८६ मध्ये, विल्किन्स यांनीच नोंदवले होते की तुटक उजेडात वाचताना नजरेच्या उड्यांमध्ये फरक पडतो. उडी थोडी चुकली तर डोळा ती सुधारतो. पानामागून पान ही दुरुस्ती करत राहणे म्हणजेच ताण, अशी उपपत्ती आहे. मला ती पटते. मात्र ट्यूब आणि मोठ्या पडद्यांवर जितके काम झाले आहे, त्या मानाने थेट मोबाइलवर थोडे झाले आहे, हे सांगितलेच पाहिजे.

इथे दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते, ती टाळायला हवी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला बारा वेळा आलटून पालटून झळकला, आणि जवळपास सातशे प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. ती दिसणारी लुकलुक होती आणि धोका होता झटके येण्याचा. मोबाइलची २४० ची उघडझाप त्या जातीची नाही. तिने फिट येते असे कुणी सांगत असेल तर ते भीती घालणे झाले. तिने होतो तो त्रास हळू चढणारा असतो. डोळे जड होतात, कपाळ ठणकते, काहींना मळमळते, अक्षरे नजरेपुढे ठरत नाहीत.

आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. निम्मे गाव त्यांना बाई म्हणते. पुण्याच्या मुलाने त्यांना गेल्या वर्षी चांगला महागाचा फोन आणून दिला. महिन्याभरात बाईंचे डोके दुखू लागले. चष्म्याचा नंबर बदलून झाला, रक्तदाब तपासून झाला, ‘वयोमानाने होणारच’ हेही ऐकून झाले. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा विचारले, “बाई, जुना फोन कुठं आहे?”

“नातवाकडं. तो त्यावर खेळतो.”

“त्यावर कधी डोकं दुखलं होतं?”

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “त्यावर मी अख्खी कादंबरी वाचली होती रे.”

खोलीतला दिवा घालवून आम्ही नव्या फोनचे तेज अगदी खाली आणले, पडदा पांढरा ठेवला आणि त्याच्यासमोर एक पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवली. एका पेन्सिलीच्या जागी सुट्या सुट्या सात-आठ पेन्सिली दिसल्या, हाताच्या पंजासारख्या. जुन्या फोनपुढे तीच पेन्सिल एक अस्पष्ट पट्टा झाली. बाईंनी नातवाशी फोनची अदलाबदल केली. डोकेदुखी गेली. नातवाला काही त्रास नाही, आणि त्याची चैन झाली.

एवढ्यावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मला कळते. दोन फोनमध्ये फक्त उघडझाप वेगळी नव्हती. आकार, अक्षरे, रंगांचा भडकपणा सगळेच वेगळे होते. शिवाय पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळा कोरडा पडतो. एकाच अंतरावर तासन्तास नजर ठेवल्याने आतले स्नायू आखडतात, आणि चाळिशी लागायच्या वयात ती न लावता रेटून वाचणारे तर घरोघरी आहेत. मोबाइलने डोळे दुखणाऱ्या दहा जणांत उघडझाप हे मूळ कारण थोड्यांचेच असेल. परंतु ज्यांचे आहे त्यांना बाकीचे सगळे उपाय करून गुण येत नाही, आणि ते हळूहळू स्वतःवरच संशय घेऊ लागतात. निळ्या उजेडाच्या चष्म्यांचे उदाहरण घ्या. या चष्म्यांवरच्या सतरा चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या भिंगांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे त्यात काही आढळले नाही. दुकानात मात्र ते चष्मे जोरात विकले जातात, आणि उघडझापीचे नाव विकणाऱ्याने ऐकलेले नसते.

कंपन्यांनी काय केले? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्हींत आपापल्या बाजारपेठेचा स्वभाव दिसतो. २०१९ च्या सुमारास शाओमी, वनप्लस, ओप्पो यांनी काही फोनांत ‘डीसी डिमिंग’ नावाची सोय दिली. म्हणजे बिंदू विझवण्याऐवजी वीज कमी करण्याचा सरळ मार्ग, त्याच्या रंगदोषांसकट. वनप्लसने तर ती ‘प्रयोगशाळा’ अशा नावाच्या कप्प्यात ठेवली होती, म्हणजे बिघडले तर आमच्याकडे बोट दाखवू नका. पुढे चिनी कंपन्यांनी झडपेला तीन पाती लावणाऱ्यांचीच वाट धरली आणि उघडझाप अधिक जलद केली. १९२०, २१६०, आणि ऑनर कंपनीच्या फोनांत ३८४०, पुढे ४३२० हर्ट्झ. हे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येऊ लागले. आकड्यांची शर्यत लागली की मला थोडी शंका येते, कारण निव्वळ वेग म्हणजे सर्व काही नव्हे. उजेड किती खोल पडतो, पूर्ण विझतो की थोडाच मंदावतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तरी दिशा बरोबर होती, आणि ज्याला त्रास आहे त्याने काही न शोधता त्याला फायदा मिळत होता.

अमेरिकी कंपन्या कितीतरी उशिरा जाग्या झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० प्रो या फोनात संवेदनशील डोळ्यांसाठी म्हणून एक कळ दिली. ती दाबली की उघडझाप २४० वरून ४८० होते. पुढच्याच महिन्यात ॲपलने आयफोन १७ च्या मालिकेत ‘डिस्प्ले पल्स स्मूदिंग’ नावाची सोय आणली. ती पल्स विड्थ मॉड्युलेशन बंद करून वेगळ्या रीतीने तेज कमी करते, आणि कमी तेजावर काही वेळा पडद्याची कामगिरी बिघडू शकते, असे कंपनीने त्या कळीखाली स्वतःच लिहिले आहे. पहिला ओएलईडी आयफोन २०१७ चा. मधे आठ वर्षे गेली. या काळात लोकांनी फोन घेतले, परत केले, विकले, जुने एलसीडी फोन जपून वापरले.

या दोन्ही कळा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या कप्प्यात आहेत. आपण त्याला सुगम्यता म्हणतो. अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणे, ऐकू न येणाऱ्यांसाठी ध्वनीच्या जागी प्रकाश, हात थरथरणाऱ्यांसाठी स्पर्शाची सवलत, अशा सोयी जिथे असतात तिथे. काहींना हे खटकते. आम्ही अपंग नाही, सदोष पडदा तुमचा आहे, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण मला या जागेत एक कबुली दिसते. इतकी वर्षे उत्तर असे होते की ही लुकलुक माणसाला दिसतच नाही, म्हणजे तक्रार मनाची आहे. ज्या दिवशी ती सुगम्यतेच्या यादीत आली त्या दिवशी तक्रार शरीराची ठरली. माझा आक्षेप निराळा आहे. ही सोय फक्त नव्या, महागड्या फोनांत आहे, आणि फोनच्या खोक्यावर उघडझापीचा आकडा छापण्याची रीत अजून पडलेली नाही. पंख्याच्या खोक्यावर वॉट छापतात, बल्बच्या खोक्यावर ल्युमेन छापतात. मग हे का नाही?

दिव्यांच्या बाबतीत नियम करता येतात हे दिसून आले आहे. अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये एलईडी दिव्यांसाठी १७८९ क्रमांकाची शिफारस काढली. तिचा एक सोपा हिशेब असा की नव्वद हर्ट्झच्या पुढे वारंवारितेला ०.०८ ने गुणावे. जेवढे टक्के येतील तेवढाच उजेड खालीवर व्हावा, म्हणजे धोका कमी. शंभर हर्ट्झला आठ टक्के, २४० ला सुमारे एकोणीस टक्के. तीन हजारांच्या पुढे चिंता नाही. ही शिफारस खोलीतल्या दिव्यांसाठी आहे, मोबाइलसाठी नाही. पण २४० वर जवळजवळ शंभर टक्के खालीवर होणारा पडदा तिच्या शेजारी ठेवून पाहिला तर अंतर किती ते कळते. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीत दिव्यांच्या लुकलुकीवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या सतराव्या कलमात झगमगाट आणि डोळ्यांना ताण देणाऱ्या सावल्या टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी टर्नरच्या डोळ्यांचा विचार करून तो शब्द कायद्यात घातला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. अंधत्व आणि क्षीणदृष्टी त्यात आहे. पण ज्याला सहा बाय सहा दिसते आणि तरीही पडद्यापुढे दहा मिनिटे बसवत नाही, तो त्यात कुठेच बसत नाही. त्याच कायद्यात सर्वांना वापरता येतील अशा ग्राहक वस्तूंच्या निर्मितीला सरकारने उत्तेजन द्यावे असेही म्हटले आहे. आधार घ्यायचा तर तिथे घेता येईल. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या खटल्यातला प्रश्नही डोळ्यांचाच होता. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्यांना पापणी मिटता येत नाही, त्यांनी ओळख पटवण्यासाठी फोनपुढे डोळे मिचकावायचे कसे?

हा प्रश्न चैनीचा नाही, तो यामुळे. वीस वर्षांपूर्वी ज्याला फोन सोसत नसे त्याने तो बाजूला ठेवला तरी चालत होते. आज ई-पीक पाहणी शेतकऱ्याने बांधावर उभे राहून फोनवर नोंदवायची असते. शिधापत्रिकेपासून बँकेपर्यंत ई-केवायसी लागते, आशाताईंच्या नोंदी फोनवर, पोरांचा गृहपाठ फोनवर. सिन्नरच्या बिडी वळणाऱ्या बाया सांजेला सुपातले पान डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त ओळखतात; फोनवर मात्र बोटांचे शहाणपण चालत नाही, तिथे पाहावेच लागते.

नशीब एवढेच की यात गरिबाच्या पारड्यात थोडे झुकते माप पडले आहे. दहा हजारांच्या आतले पुष्कळ फोन अजून एलसीडीचे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत ही खोल उघडझाप नसते किंवा फार जलद असते. वडिलांसाठी फोन घेताना ‘चांगल्यातला घेऊ’ म्हणून दुप्पट पैसे घालणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. हे फार दिवस टिकेल असे नाही. ओएलईडी दर वर्षी स्वस्त होतो आहे.

तोवर ज्यांना शंका आहे त्यांनी काय करावे? आधी डोळे तपासून घ्यावेत, विशेषतः चाळिशी ओलांडली असेल तर. दृष्टी एकदम कमी झाली, एका डोळ्यापुढे पडदा आला, दुखण्याबरोबर उलट्या होऊ लागल्या, तर फोनला दोष देत बसू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. ते सारे ठीक असेल तर पेन्सिलीची परीक्षा करावी, किंवा दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडवर शटर चार हजारांश सेकंदाला ठेवून मंद पडद्याकडे रोखावे. जाड काळे पट्टे दिसले तर उघडझाप खोल आहे. मग पडद्याचे तेज अर्ध्याच्या वर ठेवावे आणि खोलीतला दिवा चालू ठेवावा. एवढे तेज खुपत असेल तर आयफोनमध्ये सुगम्यतेच्या कप्प्यात ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आहे, अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून ‘एक्स्ट्रा डिम’ आहे. तेजाचा दांडा वर ठेवून यांनी चित्र मंद केले तर अनेक फोनांत उघडझापीची खोली कमी राहते. झाली की नाही ते पुन्हा पेन्सिलीलाच विचारावे.

नवा फोन घ्यायला नाशिकला जाल किंवा आपल्या बाजारपेठेतल्या दुकानात जाल, तिथे मांडलेले सगळे फोन पूर्ण तेजावर असतात. पूर्ण तेजावर सगळे पडदे सभ्य वागतात. दुकानदाराला सांगून तेज पार तळाला आणायला लावा, कोरा पांढरा पडदा उघडा, आणि खिशातले पेन काढून हलवा. तो चमकून पाहील. पाहू द्या.